चालत जाऊन जे दिसत नाही

१८६८ साली मुंबई सरकारने सर जे. जे. कला शाळेतल्या विद्यार्थ्यांची एक तुकडी अंबरनाथला पाठवली. कल्याणहून खोपोलीकडे जाणारा लोहमार्ग सुरू होऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. शाळेचे अधीक्षक टेरी यांच्या देखरेखीखाली वालधुनी नदीच्या काठच्या शिवमंदिराची मोजमापं घेतली गेली, आराखडे आणि छायाचित्रं तयार झाली, भिंतींवरच्या शिल्पांचे साचे काढले गेले. दगड जागेवरच ठेवून त्याचा आकार तेवढा सोबत न्यायचा, म्हणजे अंबरनाथला कधीही येऊ न शकणाऱ्या माणसालाही तो जवळून न्याहाळता येईल, असा त्यामागचा विचार.

दूरची वस्तू विद्यार्थ्यापुढे आणून उभी करण्याची धडपड आपल्या भागात इतकी जुनी आहे. पुढे १८९२ च्या सुमारास शेजारच्या कल्याणमध्ये महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’चे खेळ सुरू केले. हाताने रंगवलेल्या काचा, त्यांमागे दिवा, काचा सरकवून हलवलेली चित्रं आणि सोबत निवेदन. अंधारात बसलेल्या प्रेक्षकांना पुराणातले प्रसंग भिंतीवर हलताना दिसत. चित्रपट भारतात यायला अजून चार वर्षं होती. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याचा वेल कसा वाढतो ते थोड्या थोड्या वेळाने चित्रित करून काही मिनिटांत दाखवलं होतं. मला तो आपल्याकडचा पहिला शास्त्राचा धडा वाटतो, कारण त्यात डोळ्याला एरवी जे दिसूच शकत नाही ते दाखवलेलं होतं. वेलाची वाढ रोज समोर असते, पण ती घडताना कुणी पाहत नाही.

व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी, म्हणजे व्हीआर किंवा आभासी वास्तव, ही या माळेतली पुढची कडी. दोन डोळ्यांना किंचित वेगळी अशी दोन चित्रं दाखवली की मेंदू त्यांतून खोली तयार करतो, हे चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये स्टिरिओस्कोपने सिद्ध केलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत कीस्टोनसारख्या कंपन्या अशा जोडचित्रांचे संच शाळांना विकत असत. १९६८ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी डोक्यावर घालायचं असं यंत्र, म्हणजे हेडसेट, बनवलं, की मान वळवली तर समोरचं दृश्यही वळेल. ते इतकं जड होतं की छताला टांगून ठेवावं लागे. २०१४ मध्ये गुगलने पुठ्ठ्याची घडी आणि दोन भिंगं यांत मोबाइल सरकवून तोच अनुभव थोडक्या पैशांत आणला, आणि हेडसेट शाळेच्या आवाक्यात आला.

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर इथल्या शाळांतल्या शिक्षकांसाठी ही पुस्तिका लिहिली आहे. तिच्यात यंत्रांची माहिती आहे, पाठांचे आराखडे आहेत. पण त्या सगळ्याच्या मागे एकच आग्रह आहे आणि तो मला या प्रस्तावनेत नीट मांडायचा आहे. मूल जिथे चालत जाऊ शकतं तिथे त्याला चालतच न्यावं. हेडसेट चढवायचा तो चालत जाऊन जे दिसत नाही त्यासाठी: जे काळाच्या ओघात पडून गेलं, जे बंद दाराआड आहे, जे एका नजरेत मावत नाही, किंवा जिथे मुलाला नेणं धोक्याचं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठात या विषयाची प्रयोगशाळा चालवणारे जेरेमी बेलेन्सन यांची कसोटीही जवळपास अशीच आहे. जे प्रत्यक्षात अशक्य, धोकादायक, फार खर्चिक किंवा नुकसानकारक असेल तेवढ्यासाठीच हे साधन वापरावं, असं ते सांगत आले आहेत.

हा आग्रह धरण्याचं कारण आपल्या गावांतच आहे. अंबरनाथचं मंदिर स्टेशनच्या पूर्वेला दोनेक किलोमीटरवर आहे. उल्हासनगरहून ते एका स्टेशनावर, बदलापूरहूनही एकाच स्टेशनावर. तरीही आपल्या कितीतरी शाळांच्या सहली वॉटर पार्कला जातात आणि मंदिराला जात नाहीत. उद्या शाळेत हेडसेट आले आणि मुलांना त्यातून इजिप्तचे पिरॅमिड दाखवले, तर मुलं खूश होतील यात शंका नाही. पण जवळजवळ हजार वर्षांपूर्वीची इतकी मोठी वास्तू दाराशी असताना ती न पाहिलेलं मूल पिरॅमिडकडे कुठल्या नजरेने बघणार? तुलनेसाठी त्याच्याकडे काहीच नसेल.

म्हणून या पुस्तिकेतला पहिला आणि सगळ्यात मोठा पाठ मंदिराचा आहे. त्याची सुरुवात पायांनी होते. मंदिराचं तोंड पश्चिमेला आहे. मंडप आणि गाभारा हे दोन चौकोन कोपऱ्याला कोपरा लागेल असे मांडलेले आहेत, त्यामुळे बाहेरून भिंत सरळ चालत नाही, ती सतत मोडत, कोन घेत पुढे जाते. मुलांनी भिंतीला धरून एक प्रदक्षिणा घातली की हे त्यांच्या लक्षात येतं, कारण वळणं किती झाली हे त्यांना मोजता येत नाही. खालच्या थरात हत्तींची रांग, त्यावर माणसं, त्यावर देवदेवता. आत मंडपातले चार कोरीव खांब. आणि मग गाभारा. तो मंडपापेक्षा खाली आहे, साधारण वीस पायऱ्या उतरून जावं लागतं. मुलं त्या पायऱ्या मोठ्याने मोजत उतरतात, आणि खाली पोचल्यावर त्यांची मान आपोआप वर जाते, कारण वरून उजेड येतो. गाभाऱ्यावरचं शिखर पूर्ण नाही. वर आकाश आहे.

पूर्ण शिखर कसं असेल, हे चालत जाऊन दिसत नाही. इथे हेडसेटचं काम सुरू होतं.

शिखराचा अंदाज बांधायला आधार आहेत. मंदिर भूमिज शैलीचं आहे. या शैलीत शिखराच्या चारही बाजूंना मधोमध एकेक सलग नक्षीदार पट्टा वर चढत जातो आणि त्या पट्ट्यांच्या मधल्या जागांत लहान लहान शिखरांच्या ओळी थरावर थर रचलेल्या असतात. अंबरनाथला या रचनेचा खालचा भाग शिल्लक आहे. पूर्ण रचना पाहायची तर सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर आहे, आणि मध्य प्रदेशात उदयपूरचं उदयेश्वर मंदिर आहे, जे जवळजवळ याच काळातलं आहे. मंदिराचे शेकडो फोटो एकमेकांवर चढतील असे घेतले, तर सॉफ्टवेअर त्यांतले सामाईक बिंदू ओळखून इमारतीची त्रिमित प्रतिकृती बांधतं. त्या प्रतिकृतीवर गोंदेश्वर आणि उदयेश्वराच्या आधाराने शिखर चढवता येतं. मंदिर पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. तिपाई लावून असं काम करायचं तर आधी परवानगीचा अर्ज करा, आणि तो अर्ज मुलांनाच लिहू द्या. मराठीच्या पेपरात येणारं पत्रलेखन इथे खरोखरीच्या कामाला येतं.

एक गोष्ट मात्र काटेकोरपणे पाळायची. जे शिल्लक आहे ते दगडाच्या रंगात आणि जे आपण अंदाजाने चढवलं ते वेगळ्या, फिकट रंगात दाखवायचं. वारसास्थळांच्या संगणकीय पुनर्रचनेबाबत जगभरच्या अभ्यासकांनी एकत्र येऊन जी तत्त्वं ठरवली, ‘लंडन चार्टर’ म्हणून ती ओळखली जातात, त्यांचा गाभाही हाच आहे: पुरावा कुठे संपतो आणि तर्क कुठे सुरू होतो ते बघणाऱ्याला कळलं पाहिजे. हेडसेटमधलं चित्र फार खरं वाटतं. पुस्तकातल्या चित्राविषयी मूल शंका घेतं, पण ज्या जागेत आपण उभे आहोत असं वाटतं तिच्याविषयी घेत नाही. म्हणून रंग वेगळा ठेवणं ही इथे प्रामाणिकपणाची अट आहे.

मंदिरातल्या शिलालेखावरून मुलांना हे आणखी चांगलं समजावता येईल. उत्तरेकडच्या दाराच्या तुळईवर शिलाहार राजा मुम्मुणी याचा लेख आहे. एकोणिसाव्या शतकात त्यातला शक आधी ७८२ असा वाचला गेला आणि मंदिर इसवी सन ८६० चं ठरलं. पुढे पुन्हा बारकाईने पाहिल्यावर तो आकडा ९८२ असल्याचं दिसलं, म्हणजे इसवी सन १०६०. झिजलेल्या एका अंकामुळे मंदिराचं वय दोनशे वर्षांनी हललं. त्या लेखाचा मोठा केलेला फोटो पाचवी-सहावीच्या मुलांपुढे ठेवा आणि विचारा, हा अंक कोणता? वर्गात दोन पक्ष पडतात आणि दोन्ही पक्ष हिरिरीने भांडतात. इतिहास कसा लिहिला जातो हे सांगायला याहून चांगली वाट मला माहीत नाही, आणि तिला हेडसेट लागत नाही.

शिखर चढवलेल्या गाभाऱ्यात मूल उभं राहिलं की पहिला फरक जाणवतो तो अंधाराचा. शिखर पूर्ण असेल, तर आज वरून येणारा उजेड तेव्हा आत येत नसणार. मग उजेड कुठून येत असेल? मंडपाची तीन दारं, तिथून आत शिरलेला प्रकाश पायऱ्यांवर कुठपर्यंत पोचत असेल? समया कुठे ठेवत असतील? प्रत्यक्ष भेटीत हे प्रश्न पडतच नाहीत, कारण आज गाभारा उजळलेला आहे. आणि नुसत्या हेडसेटमध्येही ते पडणार नाहीत, कारण आजचा उजेड ज्याने पाहिला नाही त्याला तो अंधार वेगळा वाटणार नाही. दोन्ही अनुभव या क्रमाने लागतात, आधी पायऱ्या आणि नंतर भिंगं.

आता शिकण्याबद्दल. हेडसेट घातल्यावर मुलं रमतात हे खरं आहे, पण रमणं आणि शिकणं या दोन गोष्टी आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठात जोसलिन पॅरोंग आणि रिचर्ड मेयर यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही विद्यार्थ्यांना रक्तवाहिनीच्या आत फिरवणारा व्हीआर पाठ दिला आणि काहींना तोच मजकूर साध्या स्लाइडवर दाखवला. व्हीआरवाल्यांना पाठ जास्त आवडला. पण नंतरच्या चाचणीत स्लाइड पाहिलेल्यांनी अधिक गुण मिळवले. मग त्यांनी आणखी एक प्रयोग केला. व्हीआर पाठाचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकड्यानंतर विद्यार्थ्यांना आपल्या शब्दांत सारांश लिहायला लावला. त्यांचं शिकणं सुधारलं, आणि पाठाची गोडीही कमी झाली नाही. पुढच्याच वर्षी डेन्मार्कमधले गुइडो माक्रान्स्की आणि त्यांचे सहकारी यांनी विज्ञानाच्या आभासी प्रयोगशाळेवर केलेल्या अभ्यासातही असंच दिसलं की हेडसेटमुळे आपण तिथेच आहोत ही जाणीव वाढली, पण शिकणं घटलं.

म्हणून या पुस्तिकेतल्या प्रत्येक पाठात हेडसेट उतरवल्यावर लगेच वही आहे. किती लिहायचं याची सक्ती नाही. तीन ओळी पुरेत, पण त्या मुलाच्या स्वतःच्या असाव्यात. ‘खूप छान वाटले’ ही ओळ धरायची नाही. काय दिसलं, आधी काय वाटलं होतं, आणि अजून काय कळलं नाही, एवढं आलं पाहिजे. वर्गात फिरताना तिसऱ्या प्रश्नाची उत्तरं आधी वाचा. पुढचा तास त्यातूनच सुचतो.

वर्गातलं गणित मला इथेच मांडू द्या, कारण या कामाचे बहुतेक बेत त्यावर अडतात. आपल्याकडे एका तुकडीत साठ मुलं असणं नवं नाही. समजा शाळेकडे पाच हेडसेट आहेत. पट्टा घट्ट करणं, भिंगं डोळ्यांसमोर बसवणं आणि शेवटी काढून पुसणं यात दोन मिनिटं जातात. पाहायला तीन मिनिटं दिली तरी एका मुलाला पाच मिनिटं लागली. साठ मुलांच्या बारा फेऱ्या, म्हणजे एक तास. तासिका पस्तीस मिनिटांची. उत्तर सरळ आहे: जोडतास घ्या आणि वर्गाचे पंधरा-पंधराचे चार गट करा. एक गट हेडसेटपाशी, दुसरा पुठ्ठ्यातून शिखराची प्रतिकृती करतोय, तिसरा शिलालेखाच्या फोटोवर, चौथा वहीत लिहितोय. दर पंधरा मिनिटांनी जागा बदला. सत्तरपैकी दहा मिनिटं हजेरीला आणि शेवटच्या चर्चेला उरतात. तीन मिनिटं फार कमी वाटतील, पण एकच प्रश्न घेऊन गेलेल्या मुलाला ती पुरतात. प्रश्न न देता पाठवलेलं मूल पंधरा मिनिटं आत राहिलं तरी मान गरगर फिरवून परत येतं.

यंत्राबाबत थोडं, तेही पुढच्या प्रकरणांत सविस्तर आहे म्हणून थोडंच. पुठ्ठ्याच्या डब्यात घालायला जुने मोबाइल जमा करताना एक गोष्ट आधी तपासा. स्वस्त फोनांत पुष्कळदा जायरोस्कोप, म्हणजे फोन वळल्याचं ओळखणारा भाग, नसतो. ३६० अंशांचं चित्र उघडून फोन हातात धरून गोल फिरा, फोनबरोबर दृश्य फिरत नसेल तर तो फोन या कामाचा नाही. स्वतः चित्रण करणार असाल तर कॅमेरा मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर, साधारण चार फुटांवर लावा, नाहीतर पाहणाऱ्याला आपण उंच मचाणावर उभे आहोत असं वाटतं. कॅमेरा हातात घेऊन चालू नका. डोळे सांगतात आपण चाललोय आणि कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं आपण बसलोय. या तंट्यात मुलांना मळमळतं. मुलांना खुर्चीवर बसवूनच पाहू द्या. फिट येण्याचा त्रास असलेल्या मुलाला हेडसेट देऊ नका, त्याच्यासाठी तेच दृश्य साध्या पडद्यावर लावा. लहान वर्गांची घाई करू नका. हेडसेट बनवणाऱ्या कंपन्यांनीच वयाची मर्यादा घातलेली असते. मेटा कंपनीची ती तेरा वर्षांची होती आणि २०२३ मध्ये पालकांच्या देखरेखीच्या अटीवर दहावर आणली गेली. आमच्या मते सहावीच्या आधी याची गरज नाही. आणि भिंगांइतकाच पट्टाही पुसा. उवा एका डोक्यातून दुसऱ्या डोक्यात जायला एक तास पुरतो, आणि मग पालकांची तक्रार रास्तच असते.

गुगलने २०१५ मध्ये शाळांसाठी ‘एक्स्पेडिशन्स’ सुरू केलं होतं. जगभरच्या स्थळांच्या शेकडो सफरी त्यात होत्या आणि शिक्षक एका टॅबवरून सगळा वर्ग फिरवून आणू शकत. २०२१ च्या जूनअखेर ते बंद झालं. ज्या शिक्षकांनी आपले तास त्यावर बेतले होते त्यांना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. यावरून आम्ही ठरवलं की आपण बनवलेली चित्रं आणि ध्वनिफिती आपल्याच शाळेच्या संगणकावर, साध्या आणि सर्वत्र उघडतील अशा स्वरूपात असाव्यात. आणि निवेदन मराठीत असावं. बाजारात मिळणाऱ्या सफरींमधलं इंग्रजी निवेदन आपल्या मुलांना झेपत नाही. शिवाय शब्द कळण्याची धडपड आणि दृश्य पाहण्याची धडपड एकाच वेळी चालली की दोन्ही अर्धवट राहतात. उल्हासनगरच्या शाळांत हिंदी आणि सिंधीही लागेल. आवाज मुलांचेच घ्या.

हे आपल्याकडे होईल का, असं काही शिक्षक विचारतात, म्हणून दोन नावं सांगतो. आपल्याच जिल्ह्यात, शहापूर तालुक्यातल्या पष्टेपाडा इथल्या जिल्हा परिषद शाळेत संदीप गुंड यांनी डिजिटल शाळा उभी केली, तेव्हा ती पाहायला राज्यभरातून शिक्षक आले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणले, मुलांना इंटरनेटवरून परदेशातल्या वर्गांशी जोडलं, आभासी सहली घडवल्या. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली. दोघांच्याही शाळा आपल्या तीन शहरांपेक्षा कितीतरी आडबाजूच्या होत्या.

दुसरा पाठ उल्हास नदीचा. राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर करत ती वसईच्या खाडीला मिळते. एका मुलाला एका दिवसात तिचा सगळा प्रवास चालता येणार नाही, आणि तो एका नजरेत पाहायचा तर पाखरू व्हावं लागेल. इथे वरून पाहण्याची सोय खरोखर उपयोगी आहे: डोंगरउतारावर पडलेलं पाणी कुठून कुठून येऊन एका पात्रात गोळा होतं, बारवी नदी कुठे मिळते, आणि पात्राच्या कडेला भराव झाला की फुगलेलं पाणी कुठे पसरतं. २६ जुलै २००५ चा पूर आपण विसरलेलो नाही. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली होती, त्यातल्या हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. बदलापूरच्या वर्गात अशी मुलं असतात ज्यांच्या घरात छातीभर पाणी शिरलं होतं. म्हणून या पाठात पाण्याच्या पातळीची रेघ वरून दिसते, पण मुलाला पुराच्या पाण्यात उभं केलेलं नाही. तसं करणं तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे, आणि कुणी ते आकर्षक म्हणून सुचवेलही. मी त्याला ठाम विरोध करतो. प्रत्यक्षात आपण मुलाला जे सोसायला लावणार नाही ते हेडसेटमध्येही सोसायला लावायचं नाही.

अंबरनाथ आणि बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींवरचा पाठ छोटा आहे. कितीतरी मुलांचे आईवडील तिथे कामाला जातात, पण फाटकाच्या आत मुलांना प्रवेश नाही आणि तो नसणंच योग्य आहे. रासायनिक अभिक्रियेची टाकी आतून कशी चालते, तापमान का सांभाळावं लागतं, सांडपाणी कुठे जाऊन शुद्ध व्हायला हवं, आणि ते तसंच वालधुनीत गेलं तर काय होतं, हे आठवी-नववीच्या विज्ञानाला जोडून दाखवलं आहे. वालधुनी मात्र पुलावर उभं राहून पाहा. तिचा वास कुठल्याही हेडसेटमध्ये येत नाही.

शेवटचा पाठ उल्हासनगरचा, आणि तो अपुरा आहे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी उभी राहिली, दोन हजारांवर बराकींची. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे एक लाख निर्वासितांना इथे आणलं गेलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांनी या वसाहतीला उल्हासनगर हे नाव दिलं. गावाचे विभाग आजही कॅम्पच्या नंबरांनी ओळखले जातात, पण बराकी झपाट्याने गेल्या. त्यांच्या जागी इमारती झाल्या, दुकानं झाली, जीन्स शिवणारे कारखाने झाले. एका लांबलचक बराकीत पडदे आणि चादरी टांगून किती कुटुंबं राहिली, चुली कुठे होत्या, नळ कुठे होता, मुलं अभ्यास कुठे करत, हे आता चालत जाऊन पाहता येत नाही. ते आभासी वास्तवात उभं करता येईल, पण त्यासाठी लागणारी माहिती पुस्तकांत फार थोडी आहे. ती माणसांजवळ आहे. जे तेव्हा सहा-सात वर्षांचे होते ते आज ऐंशीच्या पुढे आहेत.

म्हणून या पाठाची पानं आम्ही बरीचशी कोरी सोडली आहेत. उल्हासनगरच्या नववीच्या वर्गांनी दिवाळीच्या सुटीपर्यंत आपल्या घरातल्या आणि शेजारच्या आजी-आजोबांकडे जावं, आधी त्यांची परवानगी घ्यावी, आणि मोबाइलवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित करावं. ते सिंधीत बोलले तर सिंधीतच राहू द्यावं, भाषांतर नंतर करता येतं. जमिनीवर खडूने बराकीचा आराखडा काढून द्यावा आणि ‘तुमची जागा कुठे होती?’ एवढंच विचारावं. उत्तराबरोबर माप येईलच, कारण माणसं अशा वेळी पावलं टाकून दाखवतात. जी बराक अजून उभी असेल तिचे चारही बाजूंनी आणि आतून फोटो आजच घ्यावेत. हेडसेटची खरेदी पुढच्या वर्षी केली तरी चालेल, ध्वनिमुद्रण मात्र या वर्षीच व्हायला हवं.